कर्नल अपडेट झाला की ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा बंद पडतो: दर वेळी नव्याने बसवण्याआधी हे तपासा

रीबूट केल्यावर लॉगिनची अक्षरं भलतीच मोठी दिसतात, दुसरा मॉनिटर काळा राहतो, खिडकी सरकवली तरी प्रोसेसरचा पंखा जोरात फिरायला लागतो, आणि ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये रेंडरसाठी जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) निवडायला गेलं तर यादी रिकामी. काल संध्याकाळपर्यंत सगळं ठीक चाललेलं असतं. मध्ये फक्त लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, एक अपडेट झालेलं असतं.

माझ्या मशीनवर हे पाच महिन्यांत चार वेळा झालं. चारही वेळा मी तेच केलं: ड्रायव्हर काढला, पुन्हा बसवला, रीबूट केलं. चालू झालं म्हणून सोडून दिलं. तीन-चार आठवड्यांनी नवा कर्नल आला की पुन्हा तीच मोठी अक्षरं. पाचव्या वेळी ड्रायव्हर न काढता आधी लॉग वाचायला बसलो, तेव्हा कळलं की ड्रायव्हरमध्ये कधीच काही बिघडलेलं नव्हतं. बिघाड होता ड्रायव्हर आणि कर्नल यांच्या सांध्यात. पुन्हा बसवताना तो सांधा त्या एका कर्नलपुरता जुळत होता, आणि कर्नल बदलला की निखळत होता. म्हणून पुन्हा बसवणं हा या दुखण्यावरचा इलाज नाही, त्यामुळे दुखणं फक्त पुढच्या अपडेटवर ढकललं जातं.

कमांड मी इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

ड्रायव्हरचे दोन अर्धे

आजचा ग्राफिक्स प्रोसेसर नुसता चित्र काढून देणारा ठरावीक यंत्र राहिलेला नाही. २००१ च्या सुमारास कार्डांवर छोटे शेडर प्रोग्राम चालवता येऊ लागले, आणि २००७ मध्ये एनव्हीडियाच्या कुडाची (कार्डावर गणितं करण्याच्या सोयीची) पहिली आवृत्ती आल्यावर त्याच चिपवर सर्रास गणितं होऊ लागली. म्हणजे ड्रायव्हरला आता एक अख्खा कंपायलर सोबत बाळगावा लागतो: तुमच्या गेमने किंवा रेंडररने दिलेला शेडर घेऊन त्या नेमक्या चिपच्या भाषेत उतरवणारा.

हा कंपायलर कर्नलमध्ये नसतो. तो तुमच्या प्रोग्रामसोबत, युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर चालतो. एएमडी आणि इंटेलच्या कार्डांसाठी हे काम बहुतेक वेळा मेसा हा खुल्या लायब्रऱ्यांचा संच करतं. एनव्हीडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर त्याच्या लायब्रऱ्या करतात. कर्नलमधल्या अर्ध्याकडे वेगळी कामं असतात: कार्डाला जागं करणं, त्याच्यावर फर्मवेअर चढवणं, मेमरी वाटून देणं, तयार झालेल्या आज्ञा रांगेत लावणं, मॉनिटरला योग्य रिझोल्यूशन देणं, आणि कार्ड अडकलं तर ते रीसेट करणं.

कर्नलचे विकासक युजरस्पेसला दिलेला शब्द पाळतात. जुना प्रोग्राम नव्या कर्नलवर चालला पाहिजे, हा त्यांचा कडक नियम. पण कर्नलच्या पोटातल्या फंक्शनांबद्दल त्यांनी कुणाला कसलाच शब्द दिलेला नाही, आणि तो देणार नाही असं कर्नलच्या दस्तऐवजांत स्पष्ट लिहून ठेवलेलं आहे. ६.३ मधलं एक उदाहरण घ्या. तोवर ड्रायव्हर मेमरीच्या तुकड्यावरचं व्हीएम_फ्लॅग्ज हे फील्ड थेट बदलू शकत होते. ६.३ पासून त्यासाठी ठरवून दिलेली फंक्शनं वापरणं सक्तीचं झालं. जे ड्रायव्हर कर्नलच्या झाडातच, म्हणजे त्याच्याच सोर्समध्ये राहतात, त्यांच्यात तो बदल त्याच वेळी करून टाकला गेला आणि वापरणाऱ्याला काही कळलंही नाही. जे झाडाबाहेर राहतात, त्यांच्या जुन्या आवृत्त्या ६.३ वर कंपाइलच होईनात.

एएमडीजीपीयू (एएमडीचा), आय९१५ आणि एक्सई (इंटेलचे), नूवो (एनव्हीडियाच्या कार्डांसाठीचा खुला पर्याय) हे सगळे झाडातले. एनव्हीडियाचा स्वतःचा मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चढणारा भाग, झाडाबाहेरचा. मे २०२२ मध्ये त्याचा कर्नलमधला भाग खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून बऱ्याच जणांचा समज झालाय की आता कटकट संपली. परवाना खुला झाला, पण घर बदललं नाही. तो मॉड्यूल अजूनही प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो.

हे मी लांबवून सांगतोय, कारण पुढची सगळी तपासणी एकाच प्रश्नाभोवती फिरते: वरचा अर्धा तुटलाय, खालचा, की दोघांमधली जोड?

काहीही बदलण्याआधी

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराचा टर्मिनल येतो का पाहा. तोही नाही आला तर रीबूट करा, ग्रबच्या (कोणता कर्नल चालू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि आधीचा कर्नल निवडा. जुन्या कर्नलवर सगळं सुरळीत चाललं, तर अर्धं निदान तिथेच झालं: कार्ड ठीक आहे, लायब्रऱ्या ठीक आहेत, नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बहुधा तयार झालेला नाही किंवा चढत नाही. मेनू दिसतच नसेल तर मशीन चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून पाहा.

आता बिघडलेल्या कर्नलवर परत या आणि ही कमांड द्या:

एलएसपीसीआय -एनएनके

यादीत व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा. तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का? असेल तर तिच्यात नाव कुणाचं आहे? ही ओळच नसेल तर कार्डाला कर्नलमध्ये कुणीही वाली नाही, आणि तुम्हाला जे काही दिसतंय ते मदरबोर्डच्या फर्मवेअरने चालू होताना आखून दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर दिसतंय. म्हणून रिझोल्यूशन अडकलेलं असतं. एनव्हीडियाचा ड्रायव्हर बसवलेला असूनही तिथे नूवो दिसत असेल, तर शर्यत नूवोने जिंकली आहे.

दुसरी कमांड:

जीएलएक्सइन्फो -बी

यातला बी मोठा. हिच्यात रेंडरर या शब्दापुढे काय येतं ते वाचा. कार्डाचं नाव आलं तर ओपनजीएल कार्डावर चाललंय. एलएलव्हीएमपाइप आलं तर सगळं चित्र प्रोसेसर हाताने रंगवतोय, आणि पंख्याचा आवाज त्याचाच. कमांड सापडत नसेल तर ती डेबियन-उबुंटूवर मेसा-युटिल्स या पॅकेजमध्ये असते.

तिसरी गोष्ट एक फाइल वाचण्याची:

कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन

हिच्यात नोमोडसेट हा शब्द शोधा. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी येत होती म्हणून कुठल्यातरी सल्ल्यावरून हा शब्द ग्रबमध्ये टाकला जातो, आणि मग तो तिथेच राहतो. नोमोडसेट असताना एएमडीजीपीयू, आय९१५ आणि नूवो तिघेही कार्ड हातात घ्यायला नकार देतात. मी मदत केलेल्या दोन मशीनवर एवढाच एक शब्द काढून ग्रबची फाइल पुन्हा तयार केल्यावर सगळं सुटलं. ड्रायव्हर मात्र त्याआधी तीनदा बसवून झाला होता.

चौथं, आधीच्या बूटचा कर्नल लॉग:

जर्नलसीटीएल -के -बी -१

शेवटचा उणे एक म्हणजे मागचं बूट. स्क्रीन काळी पडल्याने सक्तीने बंद केलेल्या मशीनचा पुरावा इथे सापडतो. त्यात कार्डाचं किंवा ड्रायव्हरचं नाव शोधा आणि पहिली तक्रार कुठली आहे ते पाहा. शेवटची नको, कारण एकदा पहिली गोष्ट मोडली की पुढच्या पन्नास ओळी तिचेच पडसाद असतात.

मॉड्यूल बांधलाच गेला नाही

झाडाबाहेरच्या ड्रायव्हरसाठी डीकेएमएस नावाची सोय असते. ती ड्रायव्हरचा सोर्स मशीनवर ठेवते आणि नवा कर्नल आला की त्याच्यासाठी मॉड्यूल बांधते. डीकेएमएसने बांधलं नाही तर बहुतेक वेळा अपडेट थांबत नाही. चार-पाचशे ओळींच्या गर्दीत एक ओळ येऊन जाते आणि तुम्ही रीबूट करता.

डीकेएमएस स्टेटस

ही कमांड दिल्यावर प्रत्येक ओळीत ड्रायव्हरची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती आणि शेवटी स्थिती दिसते. यूनेम -आर ने आता चालू असलेला कर्नल पाहा आणि त्याच्या नावापुढे इन्स्टॉल्ड आहे का ते पाहा. फक्त ॲडेड असेल तर सोर्स आहे, पण बांधलेला नाही. तुमच्या कर्नलची ओळच नसेल तर त्याच्यासाठी मॉड्यूल बांधलेला नाही: डीकेएमएसने प्रयत्न केला नसेल, किंवा तो फसला असेल.

माझ्याकडे ओळच नव्हती. कारण असं होतं: मॉड्यूल बांधायला कर्नलच्या हेडर फाइली लागतात. ड्रायव्हर पहिल्यांदा बसवताना मी त्या बसवल्या होत्या, पण त्या वेळच्या नेमक्या कर्नलच्या. बहुतेक मार्गदर्शकांत लिनक्स-हेडर्सच्या पुढे यूनेम -आर जोडून द्यायला सांगतात, तेच मी केलं. नवा कर्नल आला तेव्हा त्याची इमेज आली, हेडर आले नाहीत. ड्रायव्हर पुन्हा बसवायचो तेव्हा मी पुन्हा तीच मार्गदर्शक पानं उघडायचो, पुन्हा त्या वेळच्या कर्नलचे हेडर बसवायचो, आणि चालू व्हायचं. तो इलाज आणि पुढचा बिघाड एकाच कमांडमध्ये होते.

खरा उपाय एका पॅकेजचा. डेबियनवर लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे मेटापॅकेज बसवा. नवा कर्नल आला की ते त्याचे हेडर स्वतः ओढून आणतं. उबुंटूवर लिनक्स-जेनेरिक हे मेटापॅकेज इमेज आणि हेडर दोन्ही सांभाळतं, पण एचडब्ल्यूई (जुन्या उबुंटूसाठी मिळणारा नवा) कर्नल वापरत असाल तर मेटापॅकेजही एचडब्ल्यूईचंच हवं. आर्चवर ज्या कर्नलचं पॅकेज, त्याच नावाचे हेडर: लिनक्सला लिनक्स-हेडर्स, लिनक्स-एलटीएसला लिनक्स-एलटीएस-हेडर्स. दोन्ही कर्नल ठेवत असाल तर दोन्ही हेडर लागतात. फेडोरावर हे काम एकेमॉड करतो आणि त्याला कर्नल-डेव्हल लागतं. तिथे आणखी एक गंमत नव्हे, खबरदारी: एकेमॉड पाठीमागे बांधत असतो. अपडेट संपताक्षणी रीबूट केलं तर काम अर्धवट राहू शकतं. मॉडइन्फो -के, पुढे नव्या कर्नलची आवृत्ती, आणि मग -एफ व्हर्जन एनव्हीडिया (यातला एफ मोठा) या कमांडने आवृत्तीचा आकडा दिला की मगच रीबूट करा.

हेडर आहेत आणि तरी बांधणी फसते, तेव्हा लॉग उघडायचा. तो /व्हार/लिब/डीकेएमएस/ खाली ड्रायव्हरच्या नावाच्या आणि आवृत्तीच्या फोल्डरमध्ये, बिल्डच्या आत, मेक.लॉग या नावाने असतो. हजारभर ओळी पाहून घाबरू नका. वरून खाली एरर हा शब्द शोधत जा आणि पहिल्यावर थांबा. मला आजवर तिथे मुख्यतः तीन तऱ्हेच्या एरर भेटल्या.

पहिली कंपायलरची. उबुंटू २२.०४ वर ६.५ चा एचडब्ल्यूई कर्नल आला तेव्हा ही फार जणांना भेटली. तो कर्नल जीसीसी या कंपायलरच्या १२ व्या आवृत्तीने बांधलेला होता, आणि २२.०४ वर मुळात जीसीसी ११ असतो. कर्नलची बांधणी आपल्या कंपायलरला -एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झिरो हा पर्याय देते, जीसीसी ११ ला तो ठाऊकच नाही, म्हणून 'अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन' असं म्हणून तो पहिल्याच फाइलवर थांबतो. ड्रायव्हरचा यात काडीचाही दोष नाही. जीसीसी-१२ हे पॅकेज बसवलं आणि डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल दिलं की काम होतं. कर्नल कोणत्या जीसीसीने बांधलाय हे /प्रॉक/व्हर्जन या फाइलच्या एकाच ओळीत लिहिलेलं असतं.

दुसरी, ड्रायव्हर जुना आणि कर्नल नवा. एररमध्ये एखादं फंक्शन घोषितच नाही, त्याला कमी आर्ग्युमेंट दिले, किंवा अमुक स्ट्रक्चरमध्ये तमुक मेंबर नाही, असं काहीसं लिहिलेलं असतं. वरचं व्हीएम_फ्लॅग्जचं उदाहरण हेच. इथे उपाय दोनच: ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर न्या, किंवा दीर्घ मुदतीच्या कर्नलवर थांबा. एनव्हीडियाच्या फर्मी पिढीच्या कार्डांसाठीची ड्रायव्हरची ३९० ची शाखा आणि केपलरसाठीची ४७० ची शाखा आता संपलेल्या आहेत, आणि मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टा या कार्डांसाठी ५८० ही शेवटची शाखा आहे. जुन्या कार्डवर सर्वांत ताज्या कर्नलच्या मागे लागू नका. एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीचा, कर्नल बसवा आणि शांतपणे काम करा.

तिसरी, जागेची. /बूट वेगळ्या छोट्या पार्टिशनवर असेल आणि जुन्या कर्नलनी भरलेलं असेल, तर मॉड्यूल नीट बांधला जातो पण इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नल वाचतो ती छोटी फाइल) लिहिताना जागा संपते. डीएफ -एच /बूट पाहा. साफ करताना चालू कर्नल आणि त्याच्या आधीचा एक, एवढे नक्की ठेवा.

मॉड्यूल आहे, पण कर्नल त्याला आत घेत नाही

डीकेएमएस इन्स्टॉल्ड म्हणतं, फाइल जागेवर आहे, आणि तरी एनव्हीडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) सांगतं की ड्रायव्हरशी बोलता येत नाही. अशा वेळी हाताने चढवून पाहा:

सुडो मॉडप्रोब एनव्हीडिया

'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर आलं, तर हे सिक्युअर बूटचं काम. सिक्युअर बूट चालू असताना मोठ्या वितरणांचे (डेबियन, उबुंटू, फेडोरा) कर्नल ओळखीच्या किल्लीने सही केलेले मॉड्यूलच आत घेतात. वितरणाने स्वतः बांधलेल्या मॉड्यूलवर त्याची सही असते. तुमच्या मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर तुमच्याच मशीनवर तयार झालेल्या किल्लीची सही होते, आणि ती किल्ली बूटच्या वेळी तपासल्या जाणाऱ्या यादीत नोंदवावी लागते. या किल्लीला मॉक म्हणतात.

मॉकयुटिल --एसबी-स्टेट

सिक्युअर बूट एनेबल्ड असेल तर किल्ली नोंदवा. डेबियनवर डीकेएमएसची किल्ली /व्हार/लिब/डीकेएमएस/मॉक.पब, उबुंटूवर /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक/ या फोल्डरमध्ये, फेडोरावर /ईटीसी/पीकेआय/एकेमॉड्स/सर्ट्स/ मध्ये. मॉकयुटिल --इम्पोर्ट आणि पुढे त्या फाइलचा पत्ता दिला की ते एक पासवर्ड ठरवायला सांगतं. तो एकदाच लागतो. त्यात फक्त साधी अक्षरं आणि आकडे ठेवा, कारण तो पुढे ज्या पडद्यावर टाइप करायचा आहे तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरलेला असतो.

आता रीबूट, आणि इथे खुर्चीवरून उठू नका. लिनक्स सुरू होण्याआधी एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबायला सांगतो. बटण दाबा, एनरोल मॉक निवडा, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. बरेच जण हा निळा पडदा पाहून काहीतरी बिघडलं असं समजतात आणि कंटिन्यू बूट निवडतात, किंवा चहा आणायला गेलेले असतात. मग किल्ली नोंदली जात नाही आणि इम्पोर्टची कमांड पुन्हा द्यावी लागते. नोंदणी झाली की नाही ते मॉकयुटिल --लिस्ट-एनरोल्ड सांगतं.

एवढं एकदा केलं की पुढच्या प्रत्येक कर्नलसाठी तीच किल्ली चालते. तरीही हा त्रास परत आला, तर मदरबोर्डचं फर्मवेअर अपडेट केलं होतं का ते आठवा. त्यात सेटिंग मूळपदावर येऊन बंद असलेलं सिक्युअर बूट चालू होतं, किंवा नोंदवलेल्या किल्ल्या पुसल्या जातात. लिनक्समध्ये काहीही बदललेलं नसताना ड्रायव्हर बंद पडण्याचं हे एक कारण आहे, आणि ते लिनक्समध्ये शोधून कधीच सापडत नाही.

सिक्युअर बूट सरळ बंद करावं का? माझं मत: एकट्याच्या घरातल्या मशीनवर तो तुमचा निर्णय, पण ड्रायव्हर चालावा एवढ्याच कारणासाठी करू नका. पंधरा मिनिटांचं काम आहे. उबुंटूवर तर लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हीडिया या नावाने सुरू होणारी आधीच बांधलेली, सही केलेली पॅकेजं मिळतात. ती वापरली तर डीकेएमएस आणि मॉक दोन्हींची गरज उरत नाही. जमत असेल तिथे मी आता तीच सुचवतो.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट. ब्लॅकवेल पिढीची, म्हणजे ५० मालिकेची, कार्डं एनव्हीडियाच्या खुल्या मॉड्यूलवरच चालतात. चुकून जुन्या बंदिस्त प्रकारचा मॉड्यूल बसला तर तो चढतो, पण एनव्हीडिया-एसएमआय म्हणतं की एकही डिव्हाइस सापडलं नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या कमांडमध्ये) खुले मॉड्यूल वापरा असं सरळ लिहिलेलं असतं. पॅकेजच्या नावात ओपन हा शब्द आहे ना, तेवढं पाहून बसवा.

दोन्ही अर्धे आहेत, पण वेगवेगळ्या आवृत्तीचे

'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' ही एरर सगळ्यांत भीतिदायक दिसते आणि सगळ्यांत सोपी आहे. अपडेटमध्ये नव्या लायब्रऱ्या आल्या, मेमरीत जुना मॉड्यूल चालूच आहे. रीबूट करा, संपलं. रीबूटनंतरही राहिली तर मग बघा: /प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हीडिया/व्हर्जन मधला आकडा आणि पॅकेजचा आकडा वेगळा असेल, तर बहुधा कधीतरी डाउनलोड केलेल्या .रन इन्स्टॉलरने एक ड्रायव्हर बसवलाय आणि पॅकेज मॅनेजरने दुसरा. .रनवाला एनव्हीडिया-अनइन्स्टॉलने काढा आणि एकाच वाटेवर राहा.

फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज पद्धतीने बसवलेले प्रोग्राम आपल्या लायब्रऱ्या वेगळ्या ठेवतात, त्यामुळे बाकी सगळं ठीक असताना फक्त त्यातलाच गेम रखडत असेल तर फ्लॅटपॅक अपडेट द्या.

नूवो आडवा येत असेल

नूवोला ब्लॅकलिस्ट करणारी फाइल /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये असूनही तो चढत असेल, तर इनिटरॅमएफएस जुनं आहे. बूटच्या पहिल्या क्षणी कर्नल तीच छोटी प्रत वाचतो, तुमची नवी फाइल त्याला अजून दिसलेली नसते. डेबियन-उबुंटूवर अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, फेडोरावर ड्रॅकट -एफ, आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ -पी, यातला पी मोठा.

नूवोवरच राहायचा विचार करत असाल तर कार्डाची पिढी पाहा. २०१४ मधल्या ९०० मालिकेपासून कार्ड फक्त सही केलेलं फर्मवेअर स्वीकारू लागलं, आणि नूवोला कार्डाच्या घड्याळाचा (क्लॉकचा) वेग वाढवणं अशक्य झालं. कार्ड जन्मभर बूटच्या संथ वेगावर चालायचं. ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांत जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर हे काम स्वतः करतो, कर्नल ६.७ पासून नूवो त्याच्याशी बोलू शकतो, आणि वर मेसामध्ये एनव्हीके हा व्हल्कनचा (ओपनजीएलनंतरच्या नव्या ग्राफिक्स इंटरफेसचा) ड्रायव्हर आहे. ट्युरिंग किंवा नंतरचं कार्ड असेल आणि कुडा नको असेल, तर हा रस्ता आता मनापासून वापरून पाहण्याजोगा आहे. झाडातला ड्रायव्हर असल्याने कर्नल अपडेटचा प्रश्नच उरत नाही.

एएमडी आणि इंटेलवर

इथे कर्नल अपडेटने मॉड्यूल मोडत नाही, म्हणून नोमोडसेट तपासून झालं की मी थेट फर्मवेअरकडे जातो. नवं कार्ड, जुनं वितरण, आणि लॉगमध्ये 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' फेल्ड, एरर -२. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही, एवढंच. कर्नलला कार्ड ओळखता आलं, पण त्याच्यावर चढवायची फाइल /लिब/फर्मवेअरमध्ये नाही. लिनक्स-फर्मवेअर अद्ययावत करा आणि वर सांगितल्याप्रमाणे इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा. ही दुसरी पायरी विसरली की फाइल डिस्कवर असूनही तीच एरर दिसत राहते.

एलएसपीसीआयमध्ये एएमडीजीपीयू दिसतो, तरी जीएलएक्सइन्फो एलएलव्हीएमपाइप म्हणतं, तर खालचा अर्धा जागेवर आहे आणि वरचा मागे पडलाय: मेसा इतकं जुनं की त्याला ही चिप ठाऊक नाही. तिथे कर्नल बदलून काही होणार नाही, मेसा नवं हवं. याच्या उलट एएमडीच्या जुन्या पहिल्या-दुसऱ्या जीसीएन पिढीच्या कार्डावर व्हल्कन मिळत नसेल, तर कार्ड रेडिऑन या जुन्या मॉड्यूलकडे आहे का पाहा. व्हल्कनसाठी ते एएमडीजीपीयूकडे हवं.

चित्र दिसतं, गणित होत नाही

डेस्कटॉप झकास, पण ब्लेंडर किंवा ओपनसीएलचा प्रोग्राम म्हणतो कार्ड नाही. /डेव्ह/डीआरआय खाली रेंडरडी१२८ नावाची फाइल असते. ग्रुप्स या कमांडमध्ये तुमच्या नावापुढे रेंडर हा गट आहे का? रॉकएमसाठी (एएमडी कार्डावर गणितं करण्याच्या सोयीसाठी) तो लागतो, आणि गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं. ओपनसीएलसाठी /ईटीसी/ओपनसीएल/व्हेंडर्स (यातले ओ, सी आणि एल मोठे) हे फोल्डर रिकामं नसावं.

कुडा सकाळी चालत होतं आणि मशीन झोपवून उठवल्यावर बंद झालं, तर कार्ड वापरणारे प्रोग्राम बंद करून एनव्हीडिया_यूव्हीएम हा मॉड्यूल मॉडप्रोब -आर ने उतरवा आणि पुन्हा चढवा. रीबूटची गरज नसते.

ड्रायव्हर सोडून द्यायची वेळ

डीमेसेजमध्ये एक्सआयडी (एनव्हीडियाच्या एररचा क्रमांक) ७९, म्हणजे मदरबोर्डशी कार्डाचा संपर्क तुटला, असं वारंवार येत असेल तर कुठलाही ड्रायव्हर ते दुरुस्त करणार नाही. वीजपुरवठ्याची केबल, स्लॉट, रायझर आणि तापमान पाहा. एक्सआयडी १३ किंवा ३१ एकाच प्रोग्रामवर येत असेल तर संशय आधी त्या प्रोग्रामवर घ्या. एएमडीवर रिंग टाइमआउट (आज्ञांची रांग अडकल्याची एरर) दिसला आणि तो ठरावीक गेममध्येच येत असेल, तर आधी मेसा नवं करून पाहा. कधीही, कशावरही येत असेल, तर पुन्हा वीज आणि उष्णता.

आता मी नवा कर्नल आला की रीबूटआधी डीकेएमएस स्टेटस एकदा वाचतो. नव्या कर्नलच्या ओळीत इन्स्टॉल्ड नसेल तर मशीन बंद करत नाही, तिथेच मेक.लॉग उघडतो, कारण जुना कर्नल आणि चालू ड्रायव्हर अजून हातात असतात आणि दुरुस्ती मोठ्या स्क्रीनवर, नीट दिसणाऱ्या अक्षरांत करता येते.